नळी की गोळा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि चुकून बसलाच तर त्या माणसाला एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, असं ऑर्विल ट्वेटनं कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आधीच जाहीर करून टाकलं.

लव्हॉनच्या कॅफेत सकाळी जमणाऱ्या मंडळींपैकी कुणी मानसुद्धा वर केली नाही. ऑर्विलच्या सगळ्या गोष्टी अशाच सुरू होतात. तो बर्फाला भोक पाडून मासेमारी करणाऱ्यांसाठी लाकडी मासे कोरतो, पाण्यात सोडून खऱ्या माशांना भुलवायला. मागच्या हिवाळ्यात म्हणे त्याचा एक मासा इतका हुबेहूब वठला की तळ्यातल्या माशांनी त्यालाच पुढारी निवडलं. असल्या माणसाच्या तोंडाकडे कोण किती वेळ बघणार?

"कशावर विश्वास बसणार नाही?" शेवटी मर्लनं विचारलं. मर्लचं शेत ऑर्विलच्या शेताला लागून, त्यामुळे असली विचारपूस त्याच्याच गळ्यात पडायची.

"तूच विचारलंस ना, माझी भाची त्या युनिव्हर्सिटीत टिकली कशी म्हणून."

"मी विचारलं, ती यंदा शिकारीला का नाही आली."

"तेच ते."

लव्हॉननं त्याच्यापुढे कप आपटला. तिच्याकडे कपाखाली ठेवायच्या चकत्या नाना जातीच्या, कापडी, रबरी, लाकडी, हाताला जी लागेल ती. आज तिनं खणात खोलवर हात घालून एक शोधून काढली, ऑर्विलच्या कपाखाली सरकवली आणि बाजूला चमचा ठेवला. चमचा जरासा घसरला, चकतीला टेकला आणि तिथंच राहिला. ऑर्विल तोवर खुर्ची मागं सारून मोकळा झाला होता.

तर गोष्ट रॅग्नाची. रॅग्ना सोलहाइम, ऑर्विलच्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून एका जागी बसणं ठाऊक नाही. चर्चमध्ये बसवली तर बाकडं चालायला लागायचं. पुढे ती शिकली, शिकतच राहिली, आणि सगळ्यांना वाटलं आता शांत होईल, तर तिनं कामच असं धरलं की ज्यात काहीही शांत नसतं. रेणू एकमेकांना कसे सापडतात, सापडल्यावर एकमेकांना धरून मोठं काय उभं करतात, याचा आधीच हिशोब मांडायचा. हात न लावता. नुसता कॉम्प्युटरवर.

"म्हणजे लग्नं जमवते," मर्ल म्हणाला.

"लग्नात मध्ये कुणीतरी पडतं. इथं कुणी मध्ये पडायचं नाही. कोण गवंडी नाही, कोण मुकादम नाही. विटांनीच गरगरत, धडपडत, एकमेकींना आपटत घर बांधायचं. ती फक्त विटा कशा आहेत ते कॉम्प्युटरला सांगते, आणि घर कसलं होईल ते ओळखते."

"आणि ओळखता आलं नाही तर?"

"तर मासा," ऑर्विल म्हणाला, आणि इथून पुढं मंडळींनी थोडं ऐकायला सुरुवात केली.

रॅग्नाच्या मजल्यावर एक भिंत होती. तळघरातले मायक्रोस्कोपवाले एखादा नवा रेणू गोठवून त्याचा फोटो काढायला बसले की वरच्या हिशोबवाल्यांनी, फोटो यायच्या आत, त्या भिंतीवर जाड शाईनं आपलं भाकीत लिहायचं. एक शब्द आणि खाली सही. पुसायची सोय नाही. फोटो आला आणि भाकीत चुकलं की त्या शब्दाशेजारी मासा काढायचा, हातून निसटलेला. कुठल्या कुठल्या मोठ्या माणसांच्या सह्यांजवळ मासे पोहत होते त्या भिंतीवर. पण मोठ्या माणसांना मासे शोभून दिसतात. रॅग्नाची नोकरी दर वर्षी मुदत वाढवून मिळालेली, आणि तिच्या नावापुढे दोन मासे आधीच होते. खात्याच्या प्रमुख ॲबरनथीबाई तिला जिन्यात भेटल्या तेव्हा नुसतं एवढंच म्हणाल्या, "रॅग्ना, तिसरा मासा झाला तर मला तुझ्या बाजूनं बोलायला तोंड राहणार नाही गं." चांगल्या मनाच्या बाई. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या ऑक्टोबरातला रेणू पाच कोपऱ्यांचा होता. पाची कडा चिकट. असे पुष्कळ रेणू पाण्यात सोडले तर काय होईल? रॅग्नानं महिनाभर आधीच सगळ्यांना करून दाखवलं होतं. तिच्या कॉम्प्युटरमधल्या पेटीत रेणू सोडले, ढवळले, आणि त्यांची एक सुंदर, सरळ, गुळगुळीत नळी झाली. मोडेना, वाकेना. मजल्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जो तो म्हणाला, नळीच. क्वाबेनानं तर लगेच भिंतीवर "नळी" लिहून सहीसुद्धा ठोकली. क्वाबेना म्हणजे तिच्याच खोलीत बसणारा, घानाहून आलेला, फार गोड माणूस. त्याची एकच तक्रार असायची की रॅग्नाचा गुडघा हलला की त्याची कॉफी सांडते.

एकट्या रॅग्नानंच अजून शब्द लिहून सही करायची ठेवली होती. सोमवारी सकाळी फोटो येणार होते. शुक्रवारी ती भाषणात दाखवायला त्या नळीचं चित्र तयार करत बसली. चित्र चांगलं यावं म्हणून तिला नळीचं तोंड हवं होतं. तोंडाकडून बघितलं की नळी पोकळ आहे हे कळतं. म्हणून ती नळीचं टोक शोधायला लागली.

टोक सापडेना.

उजवीकडे शोधत गेली, पेटीची भिंत आली. डावीकडे शोधत गेली, पेटीची भिंत आली. आणि मग तिच्या लक्षात आलं. तिच्या धंद्यातली एक गोष्ट इतकी रोजची होती की तिच्याकडे कुणी बघतच नसे. रेणू अब्जावधी असतात, तेवढे कॉम्प्युटरला झेपत नाहीत. म्हणून थोडेसेच एका पेटीत घेतात, आणि ते भिंतीवर आपटू नयेत म्हणून नियम असा करतात की उजव्या बाजूनं जो बाहेर पडला तो त्याच क्षणी डाव्या बाजूनं आत येतो. तसाच वरून गेला तर खालून. म्हणजे पेटीला भिंती असून नसल्यासारख्या.

"हे बेकायदेशीर वाटतं," मर्ल म्हणाला.

"सगळे करतात."

"बेकायदेशीर गोष्टी सगळेच करतात."

तर रॅग्नाची नळी उजवीकडून बाहेर पडली होती, डावीकडून आत आली होती, आणि तिथं तिनं स्वतःचंच शेपूट धरलं होतं. तिला टोकंच नव्हती. आणि टोकं हीच तर खरी अडचण असते. नळीच्या टोकाला असलेल्या रेणूंच्या कडा रिकाम्या राहतात, त्यांना धरायला कुणी नसतं, त्या तळमळतात. टोकं असती तर कदाचित ती आत वळली असती, मिटून तिचा गोळा झाला असता. तिची नळी अशी निवांत पडली होती, ती पेटी लहान होती म्हणून. ती नळीची करामत नव्हती. पेटीची होती.

"क्वाबेना," ती म्हणाली, "मी पेटी लहान घेतली."

"किती लहान?"

"नळीएवढी."

क्वाबेनानं कॉफीचा कप सावकाश खाली ठेवला. त्याची सही भिंतीवर वाळून महिना झाला होता. "मोठी पेटी घे मग."

"सोमवारपर्यंत होणार नाही. मोठ्या मशीनवर रांग आहे. आणि रांग नसती तरी महिना लागेल."

"मग नळी लिही. सगळ्यांनी नळी लिहिलीय. चुकली तर सगळ्यांचे मासे. घोळक्यातला मासा कुणी मोजत नाही."

"माझा मोजतील."

"गुडघा थांबव गं," क्वाबेना म्हणाला. "टेबल माझंही आहे."

तिचा गुडघा थांबला नाही. त्या दिवशी थांबला नाही, रात्रीही नाही. नळी लिहायची म्हणजे जे आता खोटं वाटतंय तेच लिहायचं. गोळा लिहायचा म्हणजे आपणच महिनाभर मिरवलेल्या चित्राला आपणच तोंडघशी पाडायचं, तेही हातात काही नसताना. आणि चुकला तर मग मासा तिच्या एकटीचा, ठसठशीत. शनिवारी सकाळी ती गाडी काढून थेट इकडे आली, ऑर्विलच्या सुतारखोलीत शिरली आणि हातातली किल्ली या हातातून त्या हातात टाकत उभी राहिली.

"मामा, मला पाच कोपऱ्यांच्या बारा चकत्या हव्यात. लाकडाच्या, हलक्या. कडा तिरक्या तासलेल्या, पण जरा सैल. वळायची मुभा पाहिजे त्यांना. आणि प्रत्येक कडेला दोन चुंबकं, एक असं, एक उलटं."

"कशाला?"

"खऱ्या पेटीत टाकून हलवायच्यात. जिला खरोखरच्या भिंती आहेत."

"यानं काही सिद्ध होईल?"

"नाही," ती म्हणाली. "पण मला आता गप्प बसवत नाही."

आता ऑर्विलच्या हाताचा वेग सांगायचा तर, त्यानं चकत्या इतक्या झपाट्यानं कापल्या की करवतीचा आवाज काम संपल्यावर आला. लाकडाची अडचण नव्हती. अडचण चुंबकांची. तेवढी चुंबकं या गावात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण म्हणजे घरोघरच्या फ्रिजची दारं.

"म्हणजे तो तू होतास," मर्ल म्हणाला. "माझ्या नातवाची चित्रं सगळी खाली पडली होती. आम्ही कुत्र्याला ओरडलो."

"माझं बदक होतं," लव्हॉन कॉफीच्या भांड्यामागून म्हणाली. "आईनं दिलेलं."

"विज्ञानासाठी," ऑर्विल म्हणाला, आणि घाईनं पुढं निघाला.

आधी त्यांनी चकत्या पिंपात घालून पिंप हलवलं. हातानं एकसारखं हलवता येत नाही. दंड भरून आले आणि पिंपात नुसता चकत्यांचा गुंता झाला. मग रॅग्ना खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर खडीचा रस्ता होता. पाऊस नाही, बर्फाला अजून अवकाश, बीटचे ट्रक दिवसरात्र धावलेले. रस्त्यावर अशा पन्हळी पडल्या होत्या की मनुष्य तळ्यापर्यंत गेला तर परत येईपर्यंत त्याचे दात एकमेकांच्या जागा बदलत.

"मामा," ती म्हणाली, "तुझी पिकअप."

पिकअपचा हौदा लोखंडी, त्यामुळे चुंबकं आधी त्यालाच मिठी मारून बसली. मग त्यात जुना गालिचा अंथरला आणि चारी बाजूंनी फळ्या उभ्या केल्या. उजवीकडची फळी आखूड पडली, पण दुसरी होती कुठं? रॅग्ना ऑर्विलचं शिकारीचं नारिंगी जाकीट घालून हौद्यातच बसली, पाठ काचेला लावून, बारा चकत्यांवर डोळे रोखून. काचेवर एकदा ठोकलं की हळू, दोनदा ठोकलं की जोरात, असं ठरलं.

निघाले. ऑर्विल सावकाश चालवत होता, म्हातारी माणसं चालवतात तसा. चकत्या जराशा थरथरल्या, सरकल्या, आणि जी जिला पहिली भेटली तिला चिकटली. वाकडी तर वाकडी. एकीवर एक, पाठीला पाठ, कोपऱ्यात सगळा ढीग. आणि मग काही हलेना. एकदा चुकीची धरली ती धरलीच. रॅग्नानं काचेवर दोनदा ठोकलं.

ऑर्विलनं पाय दाबला. पिकअप नाचायला लागली. चकत्या हौद्यात लाह्यांसारख्या उडू लागल्या. दोन जुळायच्या आणि पुढच्या पन्हळीला फुटायच्या. एक रॅग्नाच्या कपाळावर बसली, एक टोपीत शिरली. धूळ एवढी की रस्त्याकडेच्या गायी रात्र झाली असं समजून घरी निघाल्या. रॅग्नानं एकदा ठोकलं. मग दोनदा. मग एकदा. मग परत दोनदा. तळ्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं.

"बाई गं, एक काहीतरी ठरव," ऑर्विल खिडकीतून ओरडला.

"तेच ठरवतेय, मामा. आहेस तसा राहा. नाही. जरा वर. जरा खाली. बस, आता हलू नकोस."

आणि मधल्या कुठल्यातरी वेगाला गंमत सुरू झाली. चकत्या जुळायच्या, पण फार घट्ट नाही. चुकीची जुळली तर पुढचा धक्का तिला सोडवायचा. बरोबर जुळली तर दोन्ही बाजूंनी धरलेली असायची, त्या धक्क्यानं सुटायची नाही. रॅग्नाला हे पाठ होतं, वर्षानुवर्षं तिनं हेच लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. पण पायाशी बघताना तिच्या अंगावर काटा आला. तीन चकत्यांचा एक कोपरा झाला. मग एक वाटी झाली. वाटीच्या कडेला रिकाम्या कडा होत्या, आणि खरोखरच त्या वाटीला चैन पडत नव्हतं. ती उलटायची, पालथी व्हायची, जवळून जाणारी चकती ओढून घ्यायची, नको असली तर झटकून टाकायची.

इतक्यात मागं लाल-निळे दिवे लागले. शेरीफचा माणूस, लाइल. ऑर्विलनं गाडी थांबवली.

"ऑर्विल, मागं कोण बसलंय?"

"भाची."

"पुढं जागा नाही का?"

"आहे की. पण ती हिशोब करतेय."

लाइल हौद्याजवळ गेला. आत एक बाई धुळीनं पिठासारखी पांढरी, मांडीवर हात, गुडघा हलतोय. "तुम्ही ठीक आहात ना? हा तुम्हाला जबरदस्तीनं तर नेत नाहीये?"

"तुम्ही आम्हाला थांबवलंत," रॅग्ना म्हणाली. "सगळं गोठलं की हो."

"काय गोठलं?"

तिनं सांगितलं. लाइलनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग म्हणाला, "मी पुढं होतो, रस्ता मोकळा करून देतो. पण माझ्या अहवालात याला बीटचा ट्रक म्हणायचं."

"लाइलला विचारू का?" मर्ल म्हणाला.

"लाइल ॲरिझोनाला राहायला गेला."

"बरं सोयीचं आहे."

पुढं लाइल दिवे लावून, मागं पिकअप त्याच वेगात. वाटीची मोठी वाटी झाली, मग खोल भांडं. रॅग्ना आता ठोकत नव्हती. श्वाससुद्धा बेतानं घेत होती. इथं शेपूट धरायची सोय नव्हती. उजवीकडची भिंत उजवीकडे होती, डावीकडची डावीकडे, आणि या बिचाऱ्या चकत्यांना जे काय करायचं ते टोकांसकट करायचं होतं. आणि त्या आत वळत होत्या. नळी व्हायला पुढं पुढं जावं लागतं. या मिटत होत्या. अकरा चकत्या लागल्या. गोळ्याला एकच पाचकोनी भोक राहिलं, आणि बारावी चकती हौद्याच्या त्या टोकाला एकटीच टणटण उड्या मारत होती.

तिनं हात लावला असता तर कुणी बघायला नव्हतं. एवढीशी चकती, बोटानं ढकलायची. तिनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. हात लावला की मग ते तिनं केलेलं झालं असतं. मग भिंतीवर काय लिहायचं? तिला घरी जायचं होतं, तिला उतरायचं होतं, तिला त्या चकतीला शिव्या द्यायच्या होत्या. दर धक्क्याला चकती जवळ यायची, गोळ्याला घासायची आणि भलतीकडे जायची.

आणि मग त्या वळणावर, लव्हॉनच्या शेताचं कुंपण लागतं तिथं, एक मोठी पन्हळ आली. पिकअपची मागची चाकं सुटली. बारावी चकती हवेत उंच गेली, आखूड फळीवरून, उजव्या बाजूनं, थेट बाहेर.

कॅफेत मर्लनं केक खाता खाता हात थांबवला.

"गेली?" तो म्हणाला.

"गेली," ऑर्विल म्हणाला. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आवाज खाली आणला. "मी आरशात बघत होतो, म्हणून सांगतो. चकती उजवीकडून बाहेर पडली. आणि त्याच क्षणी, तुमच्या गळ्याची शपथ, तीच चकती डावीकडून आत आली."

"ऑर्विल."

"त्याच वेगानं, त्याच उंचीवर. तिच्या धंद्यातला नियमच तो. महिनोन्महिने ती त्या नियमात वावरलेली, तो अंगाला लागणार नाही? डावीकडून आली, हवेत एक कोलांटी घेतली आणि भोकात जाऊन बसली. टक्. गोळा बंद. मी ब्रेक दाबला. रॅग्ना उतरली, गोळा छातीशी धरून रस्त्यात उभी राहिली, आणि तिचा गुडघा, मर्ल, तिचा गुडघा थांबलेला होता."

सोमवारी सकाळी ती मजल्यावर गेली. भिंतीजवळ सगळे कॉफी घेऊन उभे होते. नळी, नळी, नळी, खाली सह्या. तिनं शाई घेतली आणि लिहिलं, गोळा. क्वाबेना म्हणाला, "अगं, नळी तर तूच दाखवलीस." ॲबरनथीबाईंनी डोळे मिटले. रॅग्ना म्हणाली, "मी पेटी लहान घेतली होती, ती चूक माझी. हे त्या चुकीच्या खाली लिहितेय." आणि सही केली. मग तासभर ती जिन्यावरून वर-खाली करत राहिली, तळघरात गेली की तिथले लोक तिला हाकलून वर पाठवायचे. शेवटी फोटो आला. करड्या धुक्यात इवले इवले गोळे, जिकडं बघावं तिकडं, टपोरे, गोल, बंद. एक नळी औषधाला नाही. क्वाबेनानं स्वतःचा मासा स्वतःच काढला, आणि फार सुरेख काढला, खवल्यांसकट. पुढच्या जूनमध्ये रॅग्नाला कायम केलं. आज तिच्यापाशी चार पोरं शिकतायत, सगळ्यांचे गुडघे हलतात, म्हणून तिला शिकारीला यायला सवड नाही.

"झालं तुझं उत्तर," ऑर्विल मर्लला म्हणाला. "लाकडी गोळा अजून तिच्या खिडकीत आहे. जाऊन बघ हवं तर."

"अख्खा?"

"अख्खा. फक्त त्याची एक बाजू भिंतीकडे करून ठेवलीय."

"ती का?"

"उजेडानं रंग उडतो," ऑर्विल म्हणाला, आणि कपाकडे हात नेला.

लव्हॉन केव्हाची टेबलाशी येऊन उभी होती, भांडं हातात, पण ओतत नव्हती.

"ऑर्विल," ती म्हणाली, "कप उचल."

"गरम आहे अजून."

"उचल म्हणते ना."

त्यानं कप उचलला. खाली लाकडाची चकती होती. पांढरं मऊ लाकूड, कपाच्या वर्तुळांनी डागाळलेलं, पाच कोपरे, कडा तिरक्या तासलेल्या. चमचा तिच्या कडेला चिकटून होता. लव्हॉननं चकती दोन बोटांत धरून वर उचलली, तर चमचाही बरोबर वर आला आणि ऑर्विलच्या नाकासमोर लोंबकळत राहिला. एका कडेत, लाकडात ठोकून बसवलेलं, पिवळ्या बदकाचं अर्धं डोकं दिसत होतं.

"तो हिवाळा सरून बर्फ वितळल्यावर माझ्या कुंपणाच्या आत सापडली," लव्हॉन म्हणाली. "उजवीकडच्या. खोटारड्या, ही कुठूनही परत आली नाही. त्या पोरीनं अकरावरच गोळा लिहिला."